भोंगा ऐकायला बसला

माझ्या बाबांना दोन आवाज आहेत. एक स्टँडवरचा आणि एक घरचा. स्टँडवरचा म्हणजे मखमल. घरचा म्हणजे सर्दी झालेली शेळी. मला दोन्ही काढता येतात. शेळी जास्त अवघड, कारण तिला मधेच खोकला येतो आणि तो नेमका वाक्य संपायच्या आधी यावा लागतो. "पोपट, माझा चष्मा कुठे... खॉक्... ठेवलास?" पोपट म्हणजे मी. नाव दादाने ठेवलं, आणि खऱ्या नावाने मला आता फक्त शाळेत हाक मारतात, तीही रागावल्यावर.

बाबा बसस्थानकावर उद्घोषक आहेत. हा शब्द फक्त त्यांच्या ओळखपत्रावर. बाकी सगळे त्यांना भोंगा म्हणतात. ड्रायव्हर मंडळी तोंडावर "भोंगाभाऊ", स्थानकप्रमुख पाठीमागे "तो भोंगा", आणि आई पुढूनमागून "अहो".

आधी ते तिकीटखिडकीवर होते. तिथे त्यांनी "सुट्टे द्या" म्हटलं की शेजारच्या रांगेतली माणसंही खिसे चाचपायची. खिडकीवरच्या एका बाईंनी अर्ज केला, की यांच्या आवाजाने माझी बेरीज चुकते. साहेबांनी बाईंना तिथेच ठेवलं आणि आवाजाला वर पाठवलं.

वर म्हणजे लोखंडी जिना चढून काचेची खोली. तिथून सगळे फलाट दिसतात. आत एक माइक, एक लाल बटण, दोन फोन आणि एक पंखा. माइक चालू असताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर खाली लोकांना हेलिकॉप्टर उतरतंय असं वाटून ते वर बघत उभे राहतात आणि गाडी सुटते.

या खोलीत बाबांचा एक नियम आहे. फोनवर कुणीही निरोप दिला, की तो जसाच्या तसा मोठ्याने परत म्हणून दाखवायचा. आमचे खाणीच्या गाडीचे ड्रायव्हरकाका तोंडात कायम काहीतरी चघळत बोलतात.

"भोंगाभाऊ, चढावर टायर बशलाय. अर्धा ताश धरा."

"चढावर टायर बसलाय, अर्धा तास धरा. बरोबर?"

"बरोब्बर."

मगच लाल बटण. बाबांचं म्हणणं असं, की कानाला नेहमी वाटतं आपल्याला कळलं. आपल्याच तोंडून बाहेर पडलं की मग खरं कळतं. आणि निरोपात आपलं मीठ घालायचं नाही. मागे एक शिकाऊ पोरगा आला होता. त्याने "गाडी उशिरा येईल" याच्यापुढे स्वतःच्या मनाने "कृपया काळजी करू नये" असं जोडलं. तोवर कुणीच करत नव्हतं. ते ऐकलं आणि अख्खा स्टँड चौकशीच्या खिडकीवर धावला.

हे सगळं स्टँडवर. घरी मात्र भोंगा फक्त वाजायचा. "स्नानगृहात गेलेल्या प्रवाशाने त्वरित बाहेर यावे." "जेवण फलाट क्रमांक एकवर लागले आहे." आणि आम्हीही काही कमी नव्हतो. आई चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते. तीसुद्धा घरी येऊन "पाय न पुसता आलेले सामान जप्त करण्यात येईल" म्हणायची. सगळ्यात भारी दादा. तो चेहरा हलू न देता आतून उत्तर द्यायचा, "सदर प्रवासी साबण लावत आहे, गाडी अनिश्चित काळ थांबेल." आमच्या घरात सरळ वाक्य कुणी बोललंच, तर बाकीचे त्याला ताप आहे का बघायचे.

मग दादाने उत्तरं देणं सोडलं. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता. टेबल टेनिसची बॅट कव्हरमधून बाहेर येईना. दुपारभर झोपायचा आणि रात्री त्याच्या खोलीत दिवा दिसायचा. मित्रांचे फोन वाजून वाजून थकायचे. आई म्हणाली, "वय आहे." बाबा म्हणाले, "परीक्षा आहे." वरच्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "मोबाईल आहे." प्रत्येकाकडे एकेक कारण होतं. दादाला विचारायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

एकदा जेवताना तो म्हणाला, "मी असलो काय नि नसलो काय, काय फरक पडतो?"

दुसऱ्या कुठल्याही घरात हातातला घास हातात राहिला असता. आमच्या घरात बाबांनी चमचा तोंडासमोर माइकसारखा धरला आणि मखमल आवाजात म्हणाले, "असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही प्रवाशांनी आधी जेवून घ्यावे." आईला ठसका लागला, इतकी ती हसली. दादाही हसला. तिकीट दाखवा म्हटल्यावर दाखवतात, तसं त्याने हसू दाखवलं आणि परत ठेवून दिलं.

त्यानंतर काही दिवसांनी तो अचानक छान वागायला लागला. खोली आवरली. मित्रांची पुस्तकं परत केली. बॅट शेजारच्या मुलाला देऊन टाकली आणि सायकल मला. मी त्या सायकलच्या मागे किती दिवस लागले होते! आई तर इतकी खूश, की दुकानातून फोन करून बाबांना म्हणाली, "बघा, आला की नाही गाडा रुळावर? मी म्हणत नव्हते?"

तो शाळेच्या सुट्टीतला दिवस होता. मी बाबांचा डबा घेऊन काचेच्या खोलीत गेले होते. खरं म्हणजे मला तिथे नवीन आवाज मिळतात. खाली एक बाई नवऱ्याला झापत होत्या, त्यांचा सूर मी नुकता पकडत होते, एवढ्यात फोन वाजला. बाबांनी डबा उघडता उघडता रिसीव्हर खांद्यात धरला.

"हां, बोला... अरे, तू होय? बोल."

आणि सवयीने सुरू झाले. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण बाबा म्हणून दाखवत होतेच.

"सायकलच्या कुलपाची किल्ली पोपटला दिली आहे." डब्याचं झाकण निघालं. "आईला सांगा, खोली आवरून ठेवली आहे." चमचा शोधला. "माझी वाट बघू नका. तुम्ही सगळे नीट राहा. बरो..."

"बरोबर" अर्धाच राहिला.

बाबांनी डबा खाली ठेवला. ते समोरच्या काचेकडे बघत होते, पण बाहेरचं काही बघत नव्हते. आत्ता आपण काय म्हणालो, ते त्यांना त्यांच्याच तोंडून ऐकू आलं होतं.

"तू कुठे आहेस?" ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "फलाट सहाच्या मागे, नळापाशी." मग फोनमध्ये, "तिथेच थांब, मी आलो. फोन ठेवू नकोस, पोपट बोलतेय." आणि रिसीव्हर माझ्या हातात देऊन, "बोलत राहा. काहीही बोल."

मी काय बोलणार? मला स्वतःचं असं फारसं बोलता येत नाही. मी स्थानकप्रमुखांचा आवाज काढला. "हे काय चाललंय काय? अं? हे स्थानक आहे की झोपायची जागा? नळापाशी कोण उभंय? नळ सरकारी आहे!" पलीकडे शांत. मग खाणीचे काका काढले. मग वरच्या मजल्यावरच्या मावशी काढल्या. काचेतून मला बाबा दिसत होते. आयुष्यात कधी गाडी पकडायला न धावलेला माणूस फलाट तीनवरून बॅगा ओलांडत धावत होता, एक चप्पल मागे पडली होती आणि एक प्रवासी ती हातात घेऊन "अहो, चप्पल!" करत मागून धावत होता.

"पोपट," फोनमधून दादा म्हणाला, "गप ना जरा."

एवढं गोड मला आजवर कुणी गप केलं नव्हतं. मी अर्थातच गप झाले नाही.

बाबा त्याला हाताला धरून वर घेऊन आले. दादाच्या पाठीला सॅक होती. त्यांनी ती उतरवून घेतली, दार लावलं, त्याला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि आपण जुन्या स्पीकरच्या खोक्यावर बसले. धाप लागली होती. ती जाईपर्यंत थांबले. मग त्यांनी विचारलं,

"तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का?"

हा मखमल नव्हता आणि शेळीही नव्हती. हा तिसराच आवाज होता. मी तो नंतर पुष्कळदा काढून पाहिला. येत नाही.

दादा पंख्याकडे बघत म्हणाला, "हो."

"येतोय," बाबा म्हणाले.

तेवढंच. वेडा आहेस का, आम्ही तुला काय कमी केलं, आईचा विचार केलास का, असली वाक्यं त्यांच्या गळ्यात एकेक करून वर येताना मला दिसत होती. ती सगळी त्यांनी गिळली. निरोपात आपलं मीठ घातलं नाही.

आणि नेमका तेव्हा दुसरा फोन वाजायला लागला. बंदराची गाडी आत वळत होती. बाबांनी दादावरची नजर न काढता मला बोट दाखवलं. "पोपट, घे."

मी फोन घेतला, निरोप परत म्हणून दाखवला, पंखा बंद केला, लाल बटण दाबलं. "बंदराकडे जाणारी गाडी... फलाट क्रमांक चारवर... लागत आहे." मखमल! खाली कुणी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. बटण दाबलेलं असेपर्यंत ते दोघं गप्प बसले. सोडलं की दादा पुन्हा बोलायला लागला. मग तसंच सुरू राहिलं. एक गाडी, मग दादा. एक गाडी, मग दादा.

"मी थकलोय. झोपून उठलो तरी थकलेलाच असतो."

"झोपून उठलास तरी थकलेला असतोस."

"कशातच मजा येत नाही. वाटतं, सगळ्यांना माझं ओझं झालंय."

"तुला वाटतं, सगळ्यांना तुझं ओझं झालंय."

"आणि घरात सांगायला जावं तर टाळ्या पडतात."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "घरात सांगायला जावं तर टाळ्या पडतात," ते म्हणाले. पुढे "बरोबर?" विचारलं नाही. मग म्हणाले, "तू फोन केलास ते फार चांगलं केलंस. आता हे तू एकट्याने ओढायचं नाही. आपण आत्ता इथून डॉक्टरांकडे जाऊ. मी बरोबर आहे."

या सगळ्यात माझं लक्ष कुठे असणार? मी खाणीची गाडी फलाट नऊवर लावली. आमच्या स्टँडवर फलाट नऊवर गाड्या धुतात. बाबांच्या मखमली हुकमावरून खाणीचे सगळे प्रवासी पोरंबाळं, गाठोडी घेऊन तिकडे धावले आणि धुणाऱ्याने पाइप सोडला. जो आरडाओरडा झाला, तो काचेतूनही ऐकू आला. दादाने वाकून खाली पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. नाक वाहत होतं, डोळे वाहत होते आणि त्यातून हसू. या वेळचं हसू दाखवायचं नव्हतं.

जिना धडधडत स्थानकप्रमुख वर आले. "भोंगा! काय चाललंय काय? अं? खाणीचे प्रवासी भिजवलेस!"

बाबांनी दार उघडलं. "साहेब, मुलगा आजारी आहे. मला आत्ता डॉक्टरकडे जायचंय."

साहेबांनी दादाकडे पाहिलं, बाबांच्या एकाच चपलेकडे पाहिलं. "मग इतका वेळ बोलत कोण होतं?"

"मी," मी म्हणाले. घाबरले की माझ्या तोंडून समोरच्याचाच आवाज येतो. आला.

साहेब क्षणभर स्वतःला शोधत राहिले. पण माणूस मनाने चांगला. स्वतःची गाडी काढून त्यांनीच आम्हाला दवाखान्यात सोडलं आणि वाटेत बाबांच्या कानाशी म्हणाले, "घाबरू नका हो. बोलणारे काही करत नाहीत."

डॉक्टरबाईंनी दादाशी आधी एकट्याशी बोलून घेतलं, मग आम्हाला आत बोलावलं. आईही दुकानातून तशीच आली होती, हातात गिऱ्हाइकाचा चष्मा. बाबांनी साहेबांचं वाक्य परत म्हणून दाखवलं.

"तुमच्या साहेबांना सांगा, असं धरून चालू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मुलं बोलतात ती कुणीतरी ऐकावं म्हणून. प्रत्येक वेळी खरं मानायचं."

"पण डॉक्टर, मधे तर तो किती छान झाला होता," आई म्हणाली. "खोली आवरली, वस्तू वाटल्या..."

"तेच. खूप दिवसांची उदासी एकदम निवळली आणि मूल आवडीच्या वस्तू देऊन टाकायला लागलं, तर खूश होण्याआधी जवळ बसून विचारायचं."

आईचा चेहरा उतरला. डॉक्टरबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. "तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. आता शिकताय. वेळेत शिकताय."

त्यांनी आम्हाला मनोविकारतज्ज्ञांची दुसऱ्या दिवशीची वेळ घेऊन दिली. तोवर आणि नंतरही काही दिवस दादाला एकटं सोडायचं नाही, घरातली औषधं आणि धोक्याच्या वस्तू कुलपात ठेवायच्या, आणि रात्रंदिवस चालू असणारा मदतीचा नंबर भिंतीवर लावायचा, असं सांगितलं. आईला कामाला लावायचं म्हणजे काय ते डॉक्टरबाईंना माहीत नव्हतं. तिने घरी येऊन औषधं तर कुलपात घातलीच, पण खोकल्याच्या गोळ्या, फिनेल, बुटाचं पॉलिश आणि टूथपेस्टही घातली. चार दिवस आम्हाला दात घासायला अर्ज करावा लागत होता.

बाबांनी तर कहरच केला. विचारायचं शिकले ना, मग विचारतच सुटले. एकदा जिन्यात, वरच्या मावशींच्या देखत, चांगल्या खणखणीत आवाजात, "आज मरणाचे विचार आले का रे?" मावशींची पिशवी सुटली आणि बटाटे तळमजल्यापर्यंत गेले.

"बाबा, हे स्टँड नाहीये!" दादा ओरडला. किती दिवसांनी ओरडला होता. आईला इतका आनंद झाला, की ती बटाटे गोळा करताना हसत होती.

दादा दर आठवड्याला समुपदेशक बाईंकडे जायला लागला होता. तिथे त्याने बाबांची तक्रार केली आणि तोडगा काढून आणला. चारचौघांत विचारायचं नाही. चारचौघांत असताना तो फक्त फलाटाचा नंबर सांगणार. एक म्हणजे बरं चाललंय. पाच म्हणजे आज जवळपास राहा. नऊ म्हणजे धुलाई चालू आहे, लगेच डॉक्टर, कारणं नंतर. आणि घरात कुणी स्वतःबद्दल बोलत असेल तर घोषणा बंद. बाबांनी हे सगळं त्याला परत म्हणून दाखवलं, आणि या वेळी "बरोबर?" विचारलं.

औषध सुरू झालं होतं. कधी तीन, कधी सहा, एकदा नऊ. नऊच्या दिवशी बाबा ड्युटी अर्धी टाकून आले. साहेबांनी माइकवर स्वतः बसून सगळ्या प्रवाशांना झापलं. मला तो आवाज आयता मिळाला.

आता स्टँडवर एक वेगळंच सुरू झालंय. परवा एक कंडक्टरकाका वर आले. त्यांची मुलगी पंधराची. खात नाही, बोलत नाही, वहीत काळं काहीतरी चितारते. काका खुर्चीच्या टोकावर बसून टोपी कुरवाळत होते. दादाही तिथेच डबा खात होता.

"मग विचारलंत का तिला?" बाबा म्हणाले.

"विचारलं की. म्हटलं, बाई, तुझ्या मनात ते... म्हणजे आपलं... असंतसं..."

"असंतसं कुठल्या फलाटावर लागतं? प्रवाशाला कळलं पाहिजे ना?"

"पण भोंगाभाऊ, मी विचारलं आणि तिच्या डोक्यात नव्हतं ते भरलं म्हणजे?"

"मीही हेच विचारलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, विचारल्याने असा विचार शिरत नाही. असलाच, तर बाहेर यायला वाट होते. चला, मला विचारून दाखवा. मी तुमची मुलगी."

काकांनी बाबांच्या मिशांकडे पाहिलं, घाम पुसला आणि म्हणाले, "बाळा, तुझ्या मनात जीव द्यायचा वगैरे असलं काही नाही ना?"

"काका," दादा घास गिळत म्हणाला, "'नाही ना' नका म्हणू. असं विचारलं की आम्ही 'नाही'च म्हणतो. तुम्हाला तेच हवंय, हे दिसतं."

काकांनी पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. शेवटी एकदा जमलं तेव्हा त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. ती मुलगी आणि काका आता दादाच्याच समुपदेशक बाईंकडे जातात.

काल सुट्टीचा दिवस होता. बाबा आंघोळीला गेले होते आणि आतून गात होते. गाताना ते शेळीच असतात. दादा खोलीतून बाहेर आला, थोडा वेळ पॅसेजमध्ये उभा राहिला आणि त्याने बाथरूमचं दार वाजवलं.

"बाबा, बाहेर या. आज बरं वाटत नाहीये. ते विचार परत येतायत."

त्याला कुणी विचारलं नव्हतं. नंबरही सांगितला नाही त्याने. सरळ वाक्य होतं.

गाणं तुटलं, कडी वाजली. बाबा कमरेला टॉवेल आणि डोक्यापासून छातीपर्यंत फेस, असे बाहेर आले आणि तिथेच उंबऱ्यावर बसले. "बस. बोल."

"आधी साबण तरी काढा."

"साबण कुठे जात नाही. तू बोल."

दादा ओल्या फरशीवर त्यांच्या शेजारी बसला. आई स्वयंपाकघरातून फोन हातात घेऊनच आली. "डॉक्टरांना लावू?"

"लाव," दादा म्हणाला. "आणि पोपट, यांच्या डोळ्यांवर पाणी मार गं. रडतायत की साबण गेलाय, काही कळत नाहीये."

"दोन्ही," बाबा म्हणाले.